तिसरा कागद

"कानाकडं बघ गं बाई, कानात माझ्या बसलीय गाई. हलू नको, डुलू नको, गाईला माझ्या भिववू नको."

हा आवाज सिग्नेने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती सात वर्षांची होती. अंधारी खोली, हनुवटी टेकवायची थंडगार पट्टी, समोर एक बारीक उजेड, आणि उजेडामागून येणारा डॉक्टर आर्डिस नीगार्डबाईंचा जाडाभरडा आवाज. नदीच्या खोऱ्यातल्या नॉरबी गावातली सगळी पोरं त्या कानाकडे बघत मोठी झाली होती. कानात गाय मावेल कशी, याचा विचार करता करता पोर आपोआप स्थिर व्हायचं आणि तेवढ्यात बाईंचं बघून व्हायचं.

दहा दिवसांनी चष्मा आला. तो लावून सिग्ने दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिली आणि रस्त्यापलीकडच्या उंच धान्यकोठारावर नाव लिहिलेलं आहे हे तिला तेव्हा कळलं. तिने ते मोठ्याने वाचलं.

"ते माझ्या आज्याच्या वेळेपासून तिथंच आहे," तिचा बाप लोवेल म्हणाला. आपली पोर दोन वर्षं चाचपडत होती आणि आपल्याला कळलं नाही, हे त्याला लागलं होतं.

पंधरा वर्षांनी सिग्ने त्याच खोलीत, उजेडाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. पदवी झाली होती. पुढे ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासायचं शिकायला, जायचं तर कॉलेजवाले विचारतात, कुणाच्या हाताखाली उभी राहून काम पाहिलंस का? म्हणून त्या उन्हाळ्यात ती नीगार्डबाईंकडे जात होती. पगार नाही. "शिकणं फुकट, कॉफी फुकट आणि बोलणी खाणंही फुकट," बाई म्हणायच्या. अडुसष्ट वर्षांच्या होत्या. माणूस दारातून आत येताना मान कशी धरतो यावरून त्याचा नंबर सांगायच्या, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा.

बाईंनी तिला आधीच्या तपासण्या शिकवल्या. डोळ्यातला दाब घ्यायचा, अक्षरं वाचून घ्यायची आणि मग कडेची नजर मोजायची. त्यासाठी शिवणयंत्राएवढं एक पांढरं यंत्र होतं. माणसाने एक डोळा झाकून आत बघायचं, मधल्या काळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कडेला कुठे उजेडाचे पट्टे थरथरले की हातातलं बटण दाबायचं. शेवटी कागद निघायचा. दिसलं तिथे पांढरा चौकोन, नाही दिसलं तिथे काळा.

"पहिला कागद शिकण्याचा असतो," बाईंनी सांगितलं होतं. "पहिल्यांदा सगळेच चुकतात, पाद्रीसुद्धा. म्हणून परत घ्यायचा. पण दोन झाले तर दोन्ही फायलीला टाचायचे, तीन झाले तर तिन्ही. फेकायचं काय ते मी ठरवीन. तुझं काम टाचायचं."

जुलैतल्या एका गुरुवारी लोवेल आला. घरोघर गॅस पोचवणारा त्याचा टँकर दारासमोर उभा होता. वर्षभर टँकर आणि साखरेच्या बीटाचा हंगाम लागला की बीटाचा ट्रक, असं त्याचं आयुष्य चाकांवर चाललेलं. अवजड गाडीच्या परवान्यासाठी डोळ्यांचा दाखला लागायचा.

"काय मग, डॉक्टर सिग्ने," तो स्टुलावर बसत म्हणाला, "गिऱ्हाइकाला चहापाणी काही?"

"गप बस आणि आत बघ, बाबा."

उजव्या डोळ्याचं नीट झालं. डाव्या डोळ्याचा कागद निघाला आणि त्यावर काळ्या चौकोनांची एक कमान होती, कुणी भुवई काढावी तशी, डाव्या कडेपर्यंत उतरत गेलेली.

"डुलकी लागली मला," लोवेल म्हणाला. "परत घे."

तिने परत घेतलं. कमान होती तिथेच होती, आणि तिला एक चौकोन वाढला होता.

लोवेलने कागदाकडे पाहिलंच नाही. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या खोऱ्यातली माणसं दुखतं म्हणत नाहीत आणि छानही म्हणत नाहीत. कसं काय विचारलं की 'वाईट नाही' म्हणतात. लग्नात तेच आणि मयतीतही तेच. लोवेल तेही म्हणाला नाही. तो एवढंच म्हणाला, "सप्टेंबरात बीटं सुरू होतील."

तिसऱ्यांदा सिग्नेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने हलू नये म्हणून. बाजूच्या छोट्या पडद्यावर तिला दिसत होतं की आता उजेड डाव्या कडेला थरथरतोय. तिचं बोट त्याच्या खांद्यावर दाबलं गेलं. पहिल्या वेळी ते नकळत झालं, हे ती शपथेवर सांगू शकली असती. दुसऱ्या वेळी नाही. बोट दाबलं की बटण वाजायचं. खोलीत तेवढीच टिकटिक चालू राहिली.

तिसरा कागद जवळजवळ कोरा निघाला. तो तिने फायलीला टाचला. पहिले दोन घडी करून खिशात घातले.

बाईंनी कागद पाहिला, दाब पाहिला. दाब चांगला होता. मग त्यांनी उजेड घेतला आणि लोवेलच्या डाव्या डोळ्यात बराच वेळ वाकून राहिल्या.

"लोवेल, ही डोळ्यामागची नस मला जरा खोलगट वाटते. थेंब घालते, बाहुली मोठी झाली की नीट दिसेल."

"थेंब घातले की चार तास गाडी चालवता येत नाही, डॉक्टर. टँकर बाहेर उभा आहे. अजून आठ घरं राहिलीत. त्यात ती थोरसन म्हातारी. गॅस नाही आला तर मला जेवायला बोलावणं बंद करेल."

"तुला बोलावते ती जेवायला?"

"नाही, पण बोलावणारच नाही मग कधी."

बाई हसल्या. कागद पुन्हा हातात घेतला. "कागद तर स्वच्छ आहे." मग सिग्नेकडे वळून विचारलं, "नीट घेतलास?"

"हो," सिग्ने म्हणाली.

"मग थेंब पुढच्या वर्षी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दाखल्यावर सही केली.

घरी जाताना पेट्रोलपंपावरच्या डब्यात सिग्नेने ते दोन कागद बारीक फाडून टाकले. तुकडे वाऱ्याने उडाले, तर तिने ते एकेक करून वेचले आणि पुन्हा टाकले.

*

ऑगस्टमध्ये तिच्यासमोर दोन नोकऱ्या आल्या. कॉलेज पुढच्या वर्षीचं होतं, मधलं सबंध वर्ष मोकळं होतं.

पहिली नोकरी बाईंनी देऊ केली. त्यांची मदतनीस नवऱ्याच्या बदलीमुळे गाव सोडून चालली होती. "तासाला तेरा डॉलर," बाई म्हणाल्या. "याहून जास्त माझ्या गल्ल्यात नाही. पण वर्षभर माझ्याजवळ राहिलीस तर कॉलेजात पाऊल टाकायच्या आधीच तुझे हात डोळ्याला सरावलेले असतील. ते कुणी पुस्तकातून देत नाही."

दुसरी नोकरी नदीपलीकडच्या साखर कारखान्यातली. बीटाचे नमुने कापायचे, दळायचे, त्यातली साखर मोजायची. तासाला चोवीस, जादा तासांचे दीडपट, रविवारी दुप्पट. सप्टेंबर ते मे.

रात्रीच्या जेवणाला हाच विषय होता. आई, व्हर्ना, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि शंभर पोरांना एका आवाजात गप्प करायची.

"ती डोळे बघायला जाणार आहे," व्हर्ना म्हणाली. "बीटं बघायला नाही. बीटाला डोळे असतात का?"

"बटाट्याला असतात," लोवेल म्हणाला.

"तू गंमत करू नकोस."

"मी कुठं करतोय? कॉलेजचा खर्च दोन लाख डॉलरांच्या घरात आहे. हंगामभर कारखान्यात राहिली तर पहिल्या वर्षाचं कर्ज तरी कमी होईल. तेरा डॉलरात बाईंचं मांजर जगतं, माणूस नाही." हे सगळं तो बशीकडे बघत बोलला. सिग्नेकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी अख्ख्या गावाने त्यात चमचा घातला. कुणी म्हणालं अनुभव, कुणी म्हणालं पैसा. एका आजोबांनी सांगितलं की पैसा संपतो, शिकलेलं संपत नाही. त्यांच्या बायकोने त्यांना सांगितलं की तुम्ही दोन्ही संपवलंत. सगळे हसले. सिग्ने हसली, ऐकत राहिली, मान हलवत राहिली. दोन्ही बाजूंचं बोलणं खरं होतं आणि त्यातलं एकही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. दवाखान्यात गेलं की रोज सकाळी ते पांढरं यंत्र समोर यायचं. रोज बाई विचारणार होत्या, नीट घेतलास? आणि रोज हो म्हणायचं होतं. गावाला वाटत होतं की ती पैसा आणि अनुभव तोलतेय. तिला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायला दार हवं होतं, आणि चोवीस डॉलरचं दार कुणालाही पटण्यासारखं होतं.

तिने बाईंना सांगितलं तेव्हा बाई चष्म्याच्या काड्यांचे बारीक स्क्रू डबीत भरत होत्या.

"पगार बराच जास्त आहे तिकडे," सिग्ने म्हणाली. आकडे तिने पाठ करून आणले होते. ते तिने सगळे सांगितले.

बाईंनी ऐकून घेतलं. "पैसा वाईट नाही," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या जागी असते तर कदाचित हेच केलं असतं. माझ्या मनात आपलं वेगळंच होतं. म्हटलं, चार वर्षांनी तू परत येशील, या खुर्चीत बसशील, आणि मी त्या समोरच्या. तू मला कानाकडे बघायला सांगशील."

"पुढच्या उन्हाळ्यात येईन मी मदतीला."

"पुढच्या उन्हाळ्यात तू सामान बांधत असशील, पोरी." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "कॉलेजला पत्र मी लिहीन. चांगलं लिहीन. त्याची काळजी करू नकोस."

*

बीटाचा हंगाम लागला की खोऱ्याचा वास बदलतो. ओली माती, उकडलेला कोबी आणि जळकी काकवी एकत्र केल्यासारखा. तो कपड्यांना लागतो, केसांना लागतो, आणि आठवड्याभरात त्याची सवय होते. कारखान्याच्या आवारात बीटांचे डोंगर उभे राहिले. पहिला हिमकण पडला, नदी गोठली, डोंगर दगडासारखे झाले. सिग्ने पांढरा कोट घालून बीट दळायची आणि आकडे लिहायची. दुपारचे आकडे सकाळच्यापेक्षा फार वेगळे आले की ती तीन नमुने घेऊन परत तपासायची आणि तिन्हींची नोंद करायची. पर्यवेक्षक ड्वेन म्हणायचा, "हिच्याइतकी सरळ मुलगी मी बघितली नाही. बीटसुद्धा हिच्यासमोर खरं बोलतं."

प्रयोगशाळेच्या खिडकीतून वजनकाटा दिसायचा. ट्रकांची रांग काट्यावर यायची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने लोवेलचा ट्रक काट्यावर चढताना पाहिला. डाव्या बाजूचा आरसा खांबाला घासला आणि मागे दुमडला.

"काय रे लोवेल," ड्वेन खाली उभा राहून ओरडला, "खांबाशी सोयरीक जमवतोस काय?"

"खांबच पुढं सरकलाय तुमचा."

"चाळीस वर्षं आहे तिथं."

"मग थकला असेल, जरा वाकला."

सगळे ड्रायव्हर हसले. चार दिवसांनी तोच आरसा त्याच खांबाला पुन्हा घासला. पुन्हा हसले. नोव्हेंबरपर्यंत तो कारखान्याचा ठरलेला विनोद झाला. लोवेलचा ट्रक आला की कुणीतरी जाऊन खांबाला मिठी मारून उभं राहायचं. सिग्ने खिडकीत उभी राहून बघायची. खांब डाव्या बाजूला होता. कमान डाव्या बाजूला होती. तिला दुपारच्या सुट्टीत खाली जाऊन एवढंच म्हणायचं होतं, बाबा, चल, बाईंकडे जाऊ, थेंब घालून घेऊ. पण थेंब घातले की नस दिसणार, नस दिसली की बाई कागद मागणार. ती खिडकीतून मागे व्हायची आणि बीट दळायची.

दर पंधरा दिवसांनी पगार यायचा. तो वाईट नव्हता.

फेब्रुवारीत तिला मुलाखतीला बोलावलं. टेबलामागे तीन माणसं होती. मधल्या बाईंच्या हातात एक पत्र होतं.

"तुमच्या डॉक्टरांनी फार थोडक्यात लिहिलंय," त्या म्हणाल्या. "'या मुलीने आणून दिलेला कागद मी पुन्हा तपासत नाही.' चाळीस वर्षं काम केलेल्या डॉक्टरकडून हे म्हणजे बरंच झालं. आता मला सांगा, दवाखान्यात तुमच्या हातून झालेली एखादी चूक."

सिग्नेने त्यांना सांगितलं की एकदा तिने उजव्या डोळ्याची काच डाव्या खोबणीत बसवायला पाठवली होती, आणि ते आजोबा म्हणाले, मला आता दोन बायका दिसतात, एक परत घ्या. तिघंही हसले. तीन आठवड्यांनी प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. व्हर्नाने ते फ्रिजवर चिकटवलं. लोवेलने त्यासमोर उभं राहून ते वाचलं, डोकं बरंच डावीकडे वळवून.

*

एप्रिलच्या सुरुवातीला, उशिरा पडलेल्या बर्फात, लोवेलचा टँकर चौरस्त्यावर बर्फ सारणाऱ्या गाडीला घासून खड्ड्यात गेला. टँकर रिकामा होता. लोवेलच्या खांद्याचं हाड मोडलं, बाकी कुणाला काही झालं नाही.

"ती गाडी आभाळातून पडली," तो म्हणाला.

बर्फगाडीचा ड्रायव्हर त्याच्याजवळ बर्फात बसून होता. "लोवेल, मी तुझ्या डाव्या हाताने येत होतो," तो म्हणाला. "अर्ध्या मैलापासून. सगळे दिवे लावून."

फार्गो शहरातल्या हॉस्पिटलात डोळे तपासले. काचबिंदू निघाला. दाब वाढत नाही आणि नस मात्र वाळत जाते, असा एक प्रकार असतो, त्यातला. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजवा थेंबांनी टिकेल, असं तिथला तरुण डॉक्टर म्हणाला. "वर्षभर आधी सापडला असता तर…" त्याने सिग्नेकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

घरी येताना सिग्ने गाडी चालवत होती. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं आणि मधे काळा रस्ता.

"तुझं बोट," लोवेल म्हणाला.

सिग्नेने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "तुला कळलं होतं?"

"पहिल्या वेळीच."

"मग दाबलंस कशाला बटण?"

"तू कशाला दाबलंस बोट?"

पुढचा मैलभर तिला रस्ता नीट दिसत नव्हता. लोवेलने मोडका खांदा सांभाळत खिशातून रुमाल काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"मी तुझ्यावर टाकत नाहीये, पोरी. मीच म्हणालो परत घे. मग बीटांचं नाव काढलं, तेही त्यासाठीच. पण हे आपल्या दोघांतच राहू दे. कॉलेजवाल्यांना कळलं तर तुझी जागा जाईल. डोळा तर गेलाच आहे. दोन्ही कशाला घालवायचं?"

तिने मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच हलवली, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी नीगार्डबाई घरी आल्या. हातात खिम्या-बटाट्याचं भाजलेलं भांडं, वरून टॉवेल गुंडाळलेला. असं भांडं या गावात ज्या घरी कुणी गेलं त्या घरी नेतात.

"आमच्याकडं कुणी गेलं नाही, आर्डिस," व्हर्ना म्हणाली, पण तिने भांडं घेतलं.

बाई लोवेलसमोर खुर्ची ओढून बसल्या. कोट काढला नाही. "लोवेल, मला नस दिसली होती. थेंब घालायला हवे होते. तू नको म्हणालास तरी तुला खुर्चीला बांधून घालायला हवे होते. मी कागद बघितला आणि सोडून दिलं."

"मीच नको म्हणालो, डॉक्टर."

"सगळेच नको म्हणतात. म्हणून तर मला पैसे देतात." त्यांचा आवाज तोच होता, जाडाभरडा, पण त्यातला आधार गेला होता. "माझी चूक आहे. तुला तोंडावर सांगायला आले."

लोवेलने कॉफीच्या कपाकडे हात नेला, कप त्याच्या बोटांना डावीकडे थोडा उशिरा सापडला. "तुमचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "वाईट नाही आता. टीव्ही दिसतो."

सिग्ने मोरीपाशी पाठमोरी उभी होती. कप धुऊन झाले होते. ती तेच कप पुन्हा धूत होती.

जूनमध्ये दवाखान्याच्या दाराला कागद लागला. एकेचाळीस वर्षांनंतर दवाखाना बंद होत आहे, फायली तीस मैलांवरच्या दवाखान्यात जातील, सर्वांचे आभार. गाव म्हणालं, वय झालं बाईंचं. वय झालंच होतं, म्हणून कुणी अधिक विचारलं नाही.

*

ऑगस्टमध्ये निघायच्या दोन दिवस आधी सिग्ने बाईंना भेटायला गेली. सामान गाडीत भरलेलं होतं. हंगामाच्या पैशांतून तिने पहिल्या सहामाहीची फी भरली होती, कर्ज न काढता. हे घरात सगळ्यांनी दोनदोनदा बोलून दाखवलं होतं.

दवाखान्यातली अंधारी खोली आता उजेडात होती; खिडकीवरचा काळा पडदा काढून घडी घालून ठेवला होता. यंत्रं विकली गेली होती. जिथे ती उभी असायची तिथे जमिनीवर फिकट चौकोन उरले होते. भिंतीला खोकी लावलेली, खोक्यांत फायली, एकावर एक, सगळं गाव.

"ये," बाई म्हणाल्या. "कॉफी आहे, कप नाहीत. या बरणीत चालेल?"

"चालेल."

दोघी खोक्यांवर बसल्या. बाईंनी कॉलेजचं विचारलं, खोली कुठे मिळाली, सोबत कोण आहे. सिग्ने उत्तरं देत होती. टेबल नव्हतं, बाईंच्या बाजूला एका खुर्चीवर एकच फाइल वेगळी ठेवलेली होती. त्यावरचं बापाचं नाव वाचायला तिला चष्मा पुसायची गरज नव्हती.

बाईंनी तिची नजर पाहिली. "ती मी अजून खोक्यात घातली नाही," त्या म्हणाल्या. "चार महिने झाले. रोज तो कागद काढते आणि बघते. यात कुठंतरी काहीतरी असणार, एखादा करडा चौकोन, एखादा कोपरा, जो मला दिसायला हवा होता. नाही सापडत. फार्गोचा डॉक्टर म्हणतो, कागदाच्या तारखेला तो डोळा अर्धा गेलेला असणार. मग हा कागद असा कसा? म्हणजे यंत्र चुकत होतं किंवा मला वाचता येईनासं झालं होतं. आणि दोन्हींतलं काहीही खरं असलं तर…" त्यांनी भिंतीशी लावलेल्या खोक्यांवरून हात फिरवला, पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. "यांतल्या किती जणांना मी स्वच्छ आहे म्हणून घरी पाठवलंय, सिग्ने? परवा मी थोरसनबाईंना फोन केला, पुन्हा तपासून घ्या म्हणून. मग त्यांच्या बहिणीला. मग यादीच केली. एकेचाळीस वर्षांची यादी कशी करतात गं? अर्धे तर मेलेत."

बाहेर धान्याचा ट्रक गेला. खिडकीची तावदानं थरथरली आणि थांबली.

सिग्नेच्या मनात लोवेलचा आवाज होता. दोन्ही कशाला घालवायचं? गाडीत भरलेलं सामान होतं, फ्रिजवरचं पत्र होतं, आणि तिने बाईंसमोर म्हटलेलं ते एक 'हो' होतं, ज्याच्यावर बाईंनी सही केली होती. समोर एक म्हातारी बाई स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेऊन खोक्यावर बसली होती, आणि तो संशय सिग्नेने तिला दिलेला होता.

तिने कॉफीची बरणी खाली ठेवली.

"यादी करू नका," ती म्हणाली.

"का?"

"यंत्र चुकलं नव्हतं. तुम्हीही नाही." तिचा आवाज तिला लहान मुलीसारखा ऐकू आला, पण तो थांबला नाही. "हा तिसरा कागद आहे, बाई. याच्याआधी दोन होते. दोन्हींवर डाव्या बाजूला काळी कमान होती, अगदी स्पष्ट, तुम्ही लांबून ओळखली असती. ते मी फाडले. आणि हा घेताना मी बाबांच्या खांद्यावर बोट दाबत होते, उजेड कधी येतो ते सांगायला. तुम्ही विचारलंत, नीट घेतलास का, आणि मी हो म्हणाले."

बाईंनी फाइल उचलली नाही, कागदही काढला नाही. त्या सिग्नेकडे बघत राहिल्या, एखाद्या डोळ्यात बघावं तशा, उजेड न हलवता.

"कॉलेजला तुम्ही कळवा," सिग्ने म्हणाली. "नाहीतर मी कळवते. पण ही यादी करू नका. आणि त्या वर्षी मी पगारासाठी कारखान्यात गेले नव्हते. तुम्ही दोन डॉलर दिले असतेत तरी मला इथेच यायचं होतं. मला फक्त तुमच्या शेजारी उभं राहता येत नव्हतं."